पन्हाळ्याच्या प्रतिकृतीचे प्रमाण कसे ठरवावे?

मंगळवारपेठकर : यंदा दिवाळीत मुलांसोबत अंगणात पन्हाळगड मापात उभारायचा विचार आहे. जागा १२० सेंटिमीटर लांब आणि तेवढीच रुंद आहे. गडाची तटबंदी ७ किलोमीटरहून थोडी अधिक असून भोवतालच्या सपाटीपासून गड सुमारे ४०० मीटर उंच आहे. यावरून मातीच्या डोंगराची उंची किती धरावी आणि अंबरखान्यातील (गडावरच्या धान्यकोठारांतील) गंगा कोठी, जी साधारण १०.७ मीटर उंच आहे, ती केवढी करावी, हे कृपया सांगावे.

त्रैराशिक : जागेची अडचण आडव्या मापात आहे, म्हणून सुरुवात तटबंदीपासून करावी. १:४००० प्रमाण घेतले, तर प्रतिकृतीतील १ सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातील ४० मीटर, आणि ७ किलोमीटरचा तट १७५ सेंटिमीटर भरतो. गडाचा माथा ढोबळमानाने त्रिकोणी असल्याने ही लांबी तीन बाजूंत वाटली जाते व उतारांनाही जागा उरते. डोंगराची उंची ४०० भागिले ४०, म्हणजे १० सेंटिमीटर. गंगा कोठी मात्र पावणेतीन मिलिमीटर, साबुदाण्याच्या दाण्याएवढी!

आराखडा : गणित बरोबर आहे, पण मावळ्यांचे काय? कुंभार गल्लीतून आणलेला १० सेंटिमीटरचा मावळा या प्रमाणात ४०० मीटर उंच ठरतो, म्हणजे थेट गडाच्या बरोबरीचा. (आपल्याकडच्या बहुतेक किल्ल्यांत हेच होते आणि कोणाची तक्रार नसते.) मापाचा आग्रह असेल, तर डोंगरावर मावळे ठेवू नयेत आणि गंगा कोठी शेजारी स्वतंत्र करावी. ५ सेंटिमीटरचा मावळा १.६५ मीटर उंचीच्या माणसाचा मानल्यास प्रमाण १:३३ येते, आणि कोठी सुमारे ३२ सेंटिमीटर उंच होते.

मंगळवारपेठकर : कोठीची कल्पना पटली. परंतु १० सेंटिमीटरचा डोंगर फार बसका दिसेल. केवळ उंची वाढवली तर चालेल का?

त्रैराशिक : चालेल, उठावाच्या नकाशांतही उभे प्रमाण पुष्कळदा आडव्यापेक्षा मोठे घेतात. उंचीसाठी १:२००० घेतल्यास डोंगर २० सेंटिमीटरचा होईल. तटाची लांबी तीच ठेवावी. मात्र चढ दुप्पट होत असल्याने खाली विटांचा आधार द्यावा, नाहीतर ओली माती घसरते. पाटीवर आडवे आणि उभे, अशी दोन्ही प्रमाणे लिहावीत.