माउंट वेस्टमोर: चार दिग्गज एकत्र आले, पण अल्बममध्ये त्यांचं वय कुठंय?

कॅसेटवाला:
परवा माउंट वेस्टमोर या अमेरिकी रॅप ग्रुपचा 'स्नूप क्यूब ४० शॉर्ट' हा अल्बम परत पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला आणि परत तीच चिडचिड झाली, म्हणून हा धागा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आइस क्यूब आणि स्नूप डॉग लॉस एंजेलिसकडचे, ई-४० व्हालेहोचा आणि टू शॉर्ट ओकलंडचा, म्हणजे दोघं वर उत्तरेच्या, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातले. करोनाच्या काळात चौघांनी मिळून ग्रुप काढला आणि डिसेंबर २०२२ मध्ये हा अल्बम सगळीकडे आला. तेव्हा टू शॉर्ट ५६ चा, ई-४० ५५ चा, क्यूब ५३ चा आणि सगळ्यात धाकटा स्नूप तोही ५१ चा.

आता एवढं आयुष्य बघितलेली माणसं एकत्र बसतात आणि सांगतात काय, तर आम्ही किती मोठे, आमच्याकडे किती पैसा, पोरी अजून कशा मागे लागतात. अरे हे तुम्ही विशीतच सांगून झालंय आणि तेव्हा जास्त भारी सांगितलं होतं! ट्राइब कॉल्ड क्वेस्ट हा न्यूयॉर्कचा जुना रॅप ग्रुप बघा, १८ वर्षांनी २०१६ च्या नोव्हेंबरात अल्बम घेऊन आले, त्यांच्यातला फाइफ त्याच वर्षी मार्चमध्ये मधुमेहानं गेला होता, आणि अल्बममध्ये त्याचा आवाज आहे आणि त्याच्या जाण्याबद्दल बाकीचे बोलतात ते ऐकताना गळा दाटतो. दिग्गजांनी एकत्र यायचं तर असं काहीतरी हवं. इथे नुसती चार मोठी नावं एका कव्हरवर आहेत. संधी वाया घालवली, हे माझं स्पष्ट मत.

बेसबहाद्दर:
पूर्ण असहमत. तू हा अल्बम हेडफोन लावून, शब्द वेचत ऐकतोयस आणि हे म्युझिक तसं ऐकायचंच नाहीये. बे एरियात गाणं बनतं ते गाडीत वाजवायला, डिकीत मोठा सबवूफर, काच खाली, नंबर प्लेट थरथरली पाहिजे. यांचं ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेलं पहिलं गाणंच 'बिग सबवूफर' आहे, अजून किती सरळ सांगायचं? एकदा ते बरा बेस असलेल्या गाडीत लाव आणि ई-४० कडे नीट कान दे. तो माणूस बीटच्या चौकटीत बसतच नाही, एका ओळीत मावणार नाहीत इतके शब्द कोंबतो, मधेच आवाज चिरका करतो, मधेच खाली आणून पुटपुटतो, आपल्याला वाटतं गेला, ताल सुटला, आणि पठ्ठ्या बरोब्बर समेवर येऊन पडतो. आणि टू शॉर्ट त्याच्या अगदी उलट, सावकाश, एक अक्षर जास्तीचं नाही, कट्ट्यावर बसून बोलल्यासारखा. मग क्यूबचा दणका आणि स्नूपचा तो लोळत येणारा सूर. चारही आवाज डोळे मिटून ओळखता येतात. आजच्या किती ग्रुपबद्दल असं म्हणता येईल? पन्नाशीतल्या माणसानं रडगाणंच गायचं असा नियम आहे का कुठे, मजा करायची नाही त्यानं?

सायलीएम:
मजा करावी की, कोण नाही म्हणतंय. पण कुणाच्या जिवावर? मी स्नूपची गाणी कॉलेजपासून ऐकतेय, टू शॉर्टची पण ऐकलीत, त्या काळी बायकांबद्दल जे बोलायचे ते बीटच्या नादात कानाआड केलं, सगळ्याच मुली करायच्या. आता या चौघांच्या घरी मोठी झालेली मुलंबाळं आहेत, स्नूप तर आजोबा आहे, आणि तरी तीच भाषा, तेच बोलणं. कॅसेटवाला दादा वयाबद्दल म्हणतायत त्यातली मला सगळ्यात खुपणारी गोष्ट ही आहे. बेस भारी आहे हे मान्य, पण माझ्यासाठी बेसनं हे झाकलं जात नाही.

बेसबहाद्दर:
सायली, शब्दांचं समर्थन मी करणार नाही, ते मलाही आवडत नाहीत आणि घरात सगळ्यांसमोर मी ती गाणी लावत नाही. पण म्हणून अख्खा अल्बम फुकट गेला, हे नाही पटत.

फ्रीमाँटकर:
मी बरीच वर्षं बे एरियात राहतो, म्हणून इथलं सांगतो. तुमच्यासाठी क्यूब आणि स्नूप स्टार आणि बाकीचे दोघं जोडीला आलेले, पण इथे उलटंय. टू शॉर्टनं ऐंशीच्या दशकात ओकलंडमध्ये मित्राबरोबर घरी टेप केलेल्या कॅसेट हातोहात विकल्या, पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाचं नाव घेऊन त्याच्यापुरतं गाणं करून द्यायचे! ई-४० नं व्हालेहोत भाऊ, बहीण आणि चुलतभावाला घेऊन ग्रुप केला, स्वतःची कंपनी काढली आणि मोठा करार नंतर झाला. कुठल्या मोठ्या कंपनीनं यांना शोधून काढलं नाही, हे लोकल माणसांच्या पैशावर उभे राहिलेत. ज्या डिसेंबरात हा अल्बम आला त्याच महिन्यात ओकलंडमध्ये फूटहिल बुलेवार्डच्या एका तुकड्याला टू शॉर्टचं नाव दिलं, पुढच्या वर्षी व्हालेहोत ई-४० च्या नावाचा रस्ता झाला. पण देशपातळीवर वेस्ट कोस्टचं, म्हणजे पश्चिम किनाऱ्याचं रॅप म्हटलं की गाडी लॉस एंजेलिसलाच थांबते. फेब्रुवारी २०२२ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलच्या मध्यंतरात, डॉ. ड्रे, स्नूप, केंड्रिक हे तिकडचे रॅपर स्टेजवर होते आणि बे एरियाचं कोणी नव्हतं. या अल्बममध्ये मात्र दोन एलएचे आणि दोन बेचे, बरोबरीनं, कोणी कोणाचा पाहुणा नाही. आमच्यासाठी हेच कारण आहे एकत्र येण्याचं.

वहीतले_शब्द:
अल्बम पडला त्याचं खरं कारण कोणी बोलतच नाहीये. जून २०२२ मध्ये यांनी तो 'बॅड एमएफ्स' नावानं फक्त ब्लॉकचेनवर (क्रिप्टो ज्यावर चालतं ते तंत्र) काढला, गाला म्युझिक नावाच्या प्लॅटफॉर्मवर, गाणी ऐकायच्या साध्या ॲपवर नाहीच. यांचे खरे चाहते चाळिशी पन्नाशीतले, त्यातले किती जण क्रिप्टोचं वॉलेट उघडून गाणी ऐकणार? सहा महिन्यांनी नाव बदलून सगळीकडे आला तोवर हवा गेली होती. एप्रिल २०२१ मध्ये अटलांटात जेक पॉलच्या बॉक्सिंगच्या रात्री चौघं स्टेजवर आले होते तेव्हाच अल्बम आला असता तर चित्र वेगळं असतं.

कॅसेटवाला:
वहीतले_शब्द, तो मुद्दा विक्रीचा, माझी तक्रार मालाबद्दल आहे. मला अल्बम पहिल्या दिवशी फुकट मिळाला असता तरी मी हेच बोललो असतो.

फ्रीमाँटकर, तुम्ही दिलेली माहिती वाचून माझा राग अजून वाढला, खरंच. कारण तुम्ही चार ओळीत जे सांगितलंत तेच मला अल्बममध्ये हवं होतं! एकानं हातोहात कॅसेट विकल्या, एकानं घरच्यांना घेऊन कंपनी उभी केली, क्यूब त्याचा आधीचा ग्रुप एनडब्ल्यूए ऐन भरात असताना पैशाच्या वादावरून बाहेर पडला, आणि स्नूपनं २०२२ मध्ये डेथ रो ही रेकॉर्ड कंपनी विकत घेतली, म्हणजे जिथून १९९८ मध्ये निघून गेला होता तीच कंपनी. रॅपच्या धंद्याचे टक्केटोणपे यांच्याइतके कोणी खाल्लेत? पैसा किती आहे हे सांगण्याऐवजी तो मिळवताना काय काय सोसलं, कोणी कसं फसवलं, कोण मित्र गेले, हे चौघांनी चार कडव्यात सांगितलं असतं तर मी रोज ऐकलं असतं.

बेसबहाद्दर:
याच अल्बममधलं 'फ्री गेम' ऐकलंस का नीट? त्यात धंद्याच्या आणि जगण्याच्या दोन गोष्टी सांगतातच की.

कॅसेटवाला:
ऐकलंय. ते पोरांना दिलेले सल्ले आहेत, स्वतःची जखम नाही दाखवत कोणी. २०२५ मध्ये क्लिप्स या रॅप जोडीचे दोघं भाऊ इतक्या वर्षांनी परत आले, अल्बमचं पहिलंच गाणं आईवडिलांच्या मरणावर, एक भाऊ आईशी बोलतो, दुसरा वडिलांशी. आणि पुढच्या गाण्यापासून तोच जुना माज, तीच बढाई, पण आता ती बढाई मारणारा माणूस कोण आहे ते आपल्याला कळलेलं असतं. मला माउंट वेस्टमोरकडून असं एक गाणं हवं होतं, उरलेली १५ तुझ्या सबवूफरला.

फ्रीमाँटकर:
क्लिप्स सख्खे भाऊ आहेत, आईवडील एक, दुःख एक. या चौघांचं सामायिक काय, तर कॅलिफोर्निया, गाडी आणि रात्र. त्यांनी तेच गायलंय आणि मनापासून गायलंय. शनिवारी रात्री ओकलंडला लेक मेरिटच्या रस्त्यानं एकदा फिरा, मग बोलू.

सायलीएम:
फिरेन की. पण गाडीत मागच्या सीटवर माझी मुलगी असली तर यातलं कुठलं गाणं लावू, ते सांगून ठेवा.