मदत हवी आहे: नऊ चौकोनांच्या ब्लॉकमधला अर्धा इंच जातोय कुठे?

लेथवाला

नमस्कार मंडळी. मी नाशिकचा, सिडकोत राहतो, अंबड एमआयडीसीत सीएनसीवर असतो. शिवणकामात ठार नवशिका. हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग उत्तर द्या.

लेकीला थंडीच्या आत गोधडी करून देईन असं कबूल करून बसलोय. घरात आईच्या हातची आहे, पण ती 'ठिगळांची' म्हणून बाईसाहेबांना नको. चौकोनाचौकोनांचीच हवी. म्हणून सगळ्यात सोपा म्हणतात तो नऊ चौकोनांचा ब्लॉक घेतला: पाच गडद, चार फिके, तीन ओळी. मेन रोडवरून गडद निळं पॉपलिन आणि बारीक फुलांचं पांढरं सुती आणलं. पुठ्ठ्याचा साडेतीन इंची साचा करून चौकोन कापले. चारी बाजूंनी पाव इंच माया (शिवणीत आत जाणारं कापड) धरली, म्हणजे शिवल्यावर प्रत्येक चौकोन 3 इंचांचा दिसायला हवा आणि सुटा ब्लॉक साडेनऊ भरायला हवा.

भरतो 9. चार ब्लॉक केले. तीन 9 इंची, आणि चौथा, ज्यात आईच्या जुन्या लुगड्याचे तुकडे घातले, तो एकीकडे सव्वानऊ, दुसरीकडे नवालाही कमी, मध्ये पापडासारखा फुगलेला. कामावर मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला तरी जॉब परत येतो, आणि इथे अर्धा इंच गायब! साचा तीनदा मोजला, बरोबर आहे.

मशीन बायकोचं, झिगझॅगवालं. सुई 14 नंबरची. मशीनच्या फुटाची, म्हणजे सुईखाली कापड दाबणाऱ्या भागाची, उजवी कड कापडाच्या कडेला लावून सरळ टीप मारतो. ब्लॉकच्या आतले चार चौकही (चार चौकोनांचे कोपरे मिळतात त्या जागा) जुळत नाहीत, दोरा-दोन दोरे सरकतातच. शिवाय आई म्हणते माया फाकवून इस्त्री कर, व्हिडिओवाले म्हणतात एका बाजूला झुकव. कोणाचं ऐकू? आणि हे चार ब्लॉक उसवायचे का?

टाकेदोरे

साचा बरोबर असेल तर चोर कापण्यात नाही, टिपेत आहे. तुमच्याच भाषेत सांगते. साडेतीनचे तीन चौकोन म्हणजे साडेदहा. एका ओळीत दोन शिवणी, प्रत्येक शिवणीत दोन्ही तुकड्यांची माया जाते, म्हणजे चार माया. पाव इंचाने 1 इंच खर्च, उरले साडेनऊ. तुमचे उरतात 9, म्हणजे दीड इंच खर्च झाला. त्याला चाराने भागा.

तीन सूत आलं ना? (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.) तुम्ही दोन सुतांच्या जागी तीन सुतांवर टीप मारताय. एका सुताची चूक, चार वेळा.

झिगझॅग मशीनचं नेहमीचं फूट रुंद असतं. सुईपासून त्याची उजवी कड पाव इंचावर असेलच असं नाही. खात्री करायची तर दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. नेमकी 1 इंच भरली तर तुमची माया पाव इंच. कमी भरली तर फूट दोषी.

पंचवटीची काकू

लेथवाले दादा, हसले नाही हो. माझी तीस वर्षं ब्लाऊज शिवण्यात गेली, आणि पहिल्या गोधडीला माझंही हेच झालं होतं. ब्लाऊजला अर्धा-पाऊण इंच माया सोडायची सवय, पाव इंचावर हातच थांबेना.

टाकेदोरेताईंनी हिशेब बरोबर दिलाय, आता उपाय ऐका. सुई हाताने चाक फिरवून खाली आणा. टेप सुईला टेकवून उजवीकडे दोन सूत मोजा, आणि तिथे दवाखान्यातली चिकटपट्टी चार-पाच पदर एकावर एक लावा, म्हणजे छोटा बांध तयार होतो. बॉबिनचं झाकण उघडायला अडणार नाही एवढं बघा. कापडाची कड त्या बांधाला घासत न्यायची आणि नजर बांधावर ठेवायची, सुईवर नाही. आणि पूर्ण दोन सूतही नको, दोराभर कमीच ठेवा. कापड शिवणीवरून वळतं तेव्हा त्या वळणात थोडं खातं. तुमच्या लोखंडासारखं ते गप बसत नाही.

आई चुकत नाहीयेत. झग्याच्या, ब्लाऊजच्या शिवणीला फाकवूनच इस्त्री करतात. पण इथे चौक जुळवायचे आहेत, म्हणून दर वेळी माया गडद चौकोनाकडे झुकवा. वरच्या ओळीत गडद कडेला, तर माया बाहेर जाते. मधल्या ओळीत गडद मध्ये, तर माया आत येते. दोन ओळी समोरासमोर, सुलट बाजू आत, अशा धरल्या की एकीची माया डावीकडे, दुसरीची उजवीकडे. मग चिमटीत चौक धरून हलकेच सरकवा. दोन्ही जाडी एकमेकींना अडतात, बोटाला खाच बसल्यासारखी लागते. तिथेच टाचणी. टाचणीवरून सुई नेऊ नका, आधी काढून घ्या. गडदकडे झुकवल्याने निळी माया पांढऱ्यातून खालून दिसतही नाही.

इस्त्री फिरवायची नाही. ठेवायची, दाबायची, उचलायची. फिरवली की चौकोनाचा शंकरपाळा होतो.

लुगड्याचं दुखणं वेगळं. धुऊन धुऊन त्याचा पोत विरळ झालेला असतो, थोडा उरेबात, म्हणजे तिरका, कापला तरी ताणतो. साबुदाण्याची पातळ खळ द्या, सावलीत वाळवा, कडक इस्त्री करा, मग काठाला समांतर साचा ठेवून कापा. कागदासारखं वागतं. आणि ते निळं पॉपलिन धुतलंत का? नसेल तर आधी पांढऱ्या चिंधीबरोबर भिजवा. चिंधी निळी झाली तर पुन्हा धुवा. मिठाच्या पाण्याच्या भरवशावर राहू नका. सुती नवं कापड आटतंही, तेही आधीच आटलेलं बरं.

उसवू नका. लुगड्याचा ब्लॉक बाजूला ठेवा, तसाच एक नवीन 9 इंची करून चार करा, आणि त्याच तीन सुतांच्या मायेने दोन-दोन जोडा. कडेची मायाही तीनच सूत धरली तर साडेसोळा इंच उरतात. सोळा इंची उशीचा अभ्रा झाला की.

गारठा

काकूंच्या पुढे काय बोलणार. फक्त वेळ वाचवायचा असेल तर सुटे चौकोन कापत बसू नका. साडेतीन इंची लांब पट्ट्या कापा, गडद-फिकी-गडद असा एक संच आणि फिकी-गडद-फिकी असा दुसरा. लांब शिवण मारून इस्त्री करा, मग आडवे साडेतीन इंचांवर काप मारा. शिवलेले तीन चौकोन आयते हातात.

गोधडी 45 बाय 63 धरली तर पाच आडवे, सात उभे, 35 ब्लॉक. 44 इंच पन्ह्याच्या पट्टीतून 12 काप निघतात. पहिल्या प्रकारचे 70 काप लागतील, म्हणजे सहा संच. दुसऱ्याचे 35, म्हणजे तीन. एकूण 15 गडद आणि 12 फिक्या पट्ट्या. गडद दीड मीटर, फिकं सव्वा मीटर घ्या. धुतल्यावर आटणार, म्हणून दोन्ही पावपाव मीटर जास्तच.

लेथवाला

तीन पट्ट्यांची चाचणी केली. मधली पट्टी बरोबर सहा सूत! म्हणजे फुटाची कड तीन सुतांवर. कामावर आम्ही यालाच टॉलरन्स साठत जाणं म्हणतो, आणि घरी तेच करत होतो. चिकटपट्टीचा बांध घातला, दुसऱ्या वेळी मधली पट्टी 1 इंचाला केसभर जास्त. नवा ब्लॉक साडेनऊ भरला. चौक चारपैकी तीन अगदी जुळले. ती बोटाला लागणारी खाच कळायला दोन संध्याकाळी गेल्या, पण एकदा कळली की कळली.

निळ्याने चिंधी आकाशी केली, दुसऱ्या धुण्याला जेमतेम. काकू, वाचवलंत.

आता आत काय घालू? दुकानदार पॉलिफिल (पॉलिएस्टरचं भरण) म्हणतो, आई कापूस म्हणते.

पंचवटीची काकू

सुटा कापूस नवशिक्याने भरू नये. टाके जवळजवळ नसले तर पहिल्या धुण्यात गोळे होतात. पॉलिफिल हलकं, लवकर वाळतं, वाईट नाही. पण मी असते तर जुनी सुती चादर दोन पदरी घातली असती, खाली लुगड्याचं अस्तर, आणि तिन्ही थर पक्के टाचून मधून बाहेर असा हाताने धावदोरा. लुगडं असं वापरलं जातं, ब्लॉकमध्ये घालायचा हट्टही उरत नाही. निफाडात राहात असाल तर तीन पदर करा.

लेथवाला

सिडकोत दोन पदर पुरतील. चादर सापडली.

आत्ता नवा ब्लॉक लेकीला दाखवला. म्हणाली, "बाबा, मधला चौकोन उलटा लागलाय." काहीतरीच म्हणून उजेडात धरला. लागलाय. उसवायला बसतो.