दाल मिलच्या पाटीवरचं 'गर्ल्स पाहिजेत'

पऱ्हाटी:
मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. मार्चात तालुक्याजवळच्या एका दाल मिलच्या फाटकावर इंग्रजीत पाटी लागली. ऑपरेटर १, हेल्पर २, हमाल ६. आणि त्याखाली, 'पॅकिंगसाठी गर्ल्स पाहिजेत'. कापूस वेचून झालेला, हरभरा निघालेला, बायांच्या हाताला काम नाही असे ते दिवस. माझी काकू, वय ४६, ऑटोनं तिथवर गेली. फाटकापाशी उभ्या एका पोराकडून पाटी वाचून घेतली आणि तशीच परत आली. घरी येऊन म्हणाली, "तेथं पोट्ट्या पाहिजेत म्हने. मी काय आता पोट्टी आहो का?"

दोन दिवसांनी कळलं, आत कामाला लागलेल्या निम्म्या बाया चाळिशीच्या पुढच्या. तोवर जागा भरल्या होत्या.

माझं म्हणणं असं. माणसांना त्यांच्या कामाचं नाव मिळालं, हमाल, हेल्पर. बाईला मात्र 'गर्ल'. हमालांसाठी 'बॉइज पाहिजेत' असं कोणी लिहिलं नाही. पोक्सो कायदा १८ वर्षांखालच्यांना बालक धरतो, लग्नाच्या कायद्यातही मुलीचं वय १८ आहे. 'गर्ल' हा शब्दही तिथवरच असावा. पुढे कामावर कामाचंच नाव हवं.

वखर:
ताई, तुमच्या काकूची चक्कर वाया गेली, ते वाईटच झालं. पण शब्दाले काऊन दोष देता? माही आजी पंच्याहत्तरीची हाय. तिच्यासंगच्या बाया वसरीत आल्या का "या वं पोरीहो" म्हनते. निंदाले जाताना बाया एकमेकीले "चाल वं पोरी" म्हनतात. २०२५ च्या जुलैत दिव्या देशमुखनं जॉर्जियात जाऊन बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, ग्रँडमास्टर झाली, तवा आमच्या पारावर सारे "आपल्या नागपूरची पोट्टी" म्हनत होते. त्यात मायाच होती. मंग पोट्टी चालते अन् गर्ल काऊन नाई चालत?

पऱ्हाटी:
भाऊ, दिव्या तेव्हा १९ वर्षांची होती आणि पारावरचे लोक तिला आपली समजून बोलत होते. आजी बरोबरीच्या बायांना बोलते, त्याही तिला तसंच बोलू शकतात. मिलच्या मॅनेजरला माझी काकू "ए पोरा" म्हणू शकेल का? माया दोन्हीकडून असते. एकाच बाजूनं असली की तो हुकूम.

गावची मास्तरीण:
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवते. या शब्दाची मूळ गोष्ट इथं उपयोगी पडेल. साधारण १३०० च्या सुमाराच्या इंग्रजीत 'गर्ल' म्हणजे कोणतंही लेकरू, मुलगा असो की मुलगी. आपण 'ते पोर' म्हणतो ना, अगदी तसं. मुलगा आहे हे सांगायचं तर 'नेव्ह गर्ल' म्हणत. पुढं हळूहळू तो फक्त मुलींचा झाला. शब्द आला कुठून, हे इंग्रजी कोशकारांनाही नक्की सांगता येत नाही.

आमची मुलं दरवर्षी एक चूक करतात. मराठीत 'मुलगी' म्हणजे लेकही, म्हणून ती 'डॉटर'च्या जागी 'गर्ल' लिहितात. 'माझ्या काकांना दोन गर्ल आहेत.' मी लाल शाईनं खोडते, पण त्यांचं का चुकतं ते मला कळतं.

वखर:
घ्या! म्हंजे शब्द बदलतच आला. पयले लेकरू, मंग मुलगी. आता मिलमदी गर्ल म्हंजे पॅकिंगवाली झाली. त्याले आडवून का फायदा?

गावची मास्तरीण:
बदलला, पण कुठल्या दिशेनं तेही पाहा. सतराव्या शतकात 'गर्ल'ला मोलकरीण हा अर्थ चिकटला. अमेरिकेत काळ्या माणसाला म्हातारपणीही 'बॉय' आणि बाईला 'गर्ल' म्हणत. आपल्याकडं साहेब लोकही पिकल्या केसांच्या नोकराला 'बॉय' अशीच हाक मारत. १९६८ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातले काळे सफाई कामगार संपावर गेले, तेव्हा त्यांच्या हातातल्या फलकांवर एवढंच लिहिलं होतं, 'आय अ‍ॅम अ मॅन'. लेकराचा शब्द मोठ्या माणसाला लावला की त्याची मजुरीही लेकराएवढी ठरवता येते. समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला, तरी हमालाची आणि पॅकिंगची मजुरी एक असते का, ते पाटी लावणाऱ्यालाच विचारा.

बीएस्सी दुसरं वर्ष:
मी १९ ची आहे. मास्तरीणबाई, तुम्हा दोघींचं पटतं, पण १८ ची रेघ माझ्या अंगावर येते. आपल्याकडं मुलगी कधी संपते, ते वयावर कुठं ठरतं? लग्नावर ठरतं. सोळाव्या वर्षी लग्न लावून दिलं की ती बाई. तिशीतली नोकरीवाली असली तरी पाव्हणे 'मुलगी पाहायला'च येतात. माझा अठरावा वाढदिवस झाला आणि त्याच महिन्यात मामानं एक स्थळ आणलं. तेव्हा बाबांनी एकच वाक्य बोललं, "अजून पोर आहे ती, शिकते आहे." त्या एका 'पोर'वर माझं पहिलं वर्ष पार पडलं. दुसरंही त्याच्यावरच चाललंय. उद्या सगळे मला 'वुमन' म्हणायला लागले, तर माझ्यासाठी तो मान नाही, ती लग्नाची तारीख आहे. होस्टेलच्या दारावर 'गर्ल्स होस्टेल' लिहिलंय, ते मला तसंच हवं आहे.

पऱ्हाटी:
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रेघ मागे घेते. तुझा शब्द तू ठेव, जोवर तुला हवा तोवर. पण कामाच्या पाटीबद्दल मी ठाम आहे. पुढच्या हंगामात आम्ही पाच-सहा जणी मॅनेजरकडं जाऊन सांगणार आहोत, 'पॅकिंग कामगार पाहिजेत' असं लिहा म्हणून.

वखर:
अन् मंग मानसं येऊन उभे राह्यले तर? आता गर्ल्स लिवलं म्हनून तरी बायाइले काम भेटते. नुसतं 'कामगार' लिवलं का तेही हातचं जाईन. हा इचार करा ताई, मी भांडाले नाई सांगून राह्यलो.

पऱ्हाटी:
तुमचा मुद्दा काकूच्या कानावर घातला. ती सोयाबीन पाखडत होती, सूप खाली ठेवून म्हणाली, "मराठीत लिवा म्हना, बाया पाहिजेत. तेवढं मले वाचता येते."