मदत हवी: डांबरगोळ्यात एन-अल्केन शाबूत, तरीही २५-नॉरहोपेन?

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मे महिन्यात गोव्याच्या किनाऱ्यावरून डांबरगोळे (समुद्रातल्या कच्च्या तेलाचे चिकट गोळे) वेचले. (एक तळपायाला चिकटला, तो खोबरेल चोळून काढला. तो अर्थातच नमुन्यात धरला नाही.) सिलिका जेलच्या कॉलममधून हेक्झेनने संपृक्त भाग (फक्त एकेरी बंधांची हायड्रोकार्बन) काढला आणि जीसी-एमएसवर (घटक वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र) लावला.

चार नमुने पुस्तकाबरहुकूम. एन-अल्केनचे (सरळ साखळीची हायड्रोकार्बन) कंगव्यासारखे दाते गायब, खाली नुसता फुगवटा. प्रिस्टेन, फायटेन हे फांद्यावाले अल्केन मात्र ताठ उभे. जिवाणू आधी सरळ साखळ्या फस्त करतात, फांद्यावाल्यांना नंतर हात घालतात. एन-सी१७ (१७ कार्बनची सरळ साखळी) आणि प्रिस्टेन यांचे उत्कलनबिंदू जवळजवळ, म्हणजे बाष्पीभवनाने दोन्ही सारखेच घटले असते; त्यामुळे हे काम नुसत्या उन्हावाऱ्याचं नाही, हेही कळलं. एम/झेड (रेणूच्या तुकड्याचं वस्तुमान भागिले प्रभार) १९१ वर होपेन, म्हणजे जिवाणूंना सहज न पचणारे वलयी रेणू, जागच्या जागी.

घोळ पाचव्याचा आहे. त्यात एन-अल्केनची अख्खी रांग आहे आणि एम/झेड १७७ वर २५-नॉरहोपेनसारखा पीकही. २५-नॉरहोपेन म्हणजे सी-१० वरचा मिथाइल गट उडालेला होपेन, आणि तो गट उडणं म्हणजे तेल फारच कुजलेलं. तेल किती कुजलं ते मोजणाऱ्या पीटर्स-मोल्डोवनच्या १ ते १० पट्टीवर ६ च्या आसपास किंवा वर. तिथवर एन-अल्केन टिकतीलच कसे? गाईड म्हणतात, नमुना भेसळीचा आहे, टाकून दे. मला टाकवत नाही.

उत्तर १
टाकू नकोस, पण आधी पीक तपास. साधा सी२९ नॉरहोपेनसुद्धा (२९ कार्बनचा, पण सी-१० वरचा मिथाइल शाबूत) १७७ देतो, भले भले तिथे फसतात. त्याच्या वर्णपटात १९१ वरचढ असतो. खऱ्या सी२९ २५-नॉरहोपेनमध्ये १७७ वरचढ, आणि तो कॉलममधून आधी बाहेर पडतो.

खरा निघाला तर गोष्ट समुद्रातली नाही, जमिनीखालची आहे. साठा उथळ आणि साधारण ८० अंशांपेक्षा थंड असताना जुनं तेल जिवाणूंनी खाल्लं, मग त्याच साठ्यात ताजं तेल येऊन मिसळलं. दोघांच्या खुणा एकत्र दिसतात. अर्थात टँकरच्या टाकीतही दोन तेलं मिसळू शकतात, म्हणजे गाईडचं म्हणणं अगदीच उडवून लावू नकोस. उगम जुळवताना मात्र प्रिस्टेन/सी१७ गुणोत्तर बाजूला ठेव (ते कुजण्याने बदलतं), होपेन आणि स्टेरेन (होपेनसारखेच चिवट वलयी रेणू) यांची गुणोत्तरं घे.

धागाकर्ता
दादा, पीक सी२९ च्या आधीच येतोय आणि १७७ उंच आहे! स्टेरेनसाठी एम/झेड २१७ पुरेल, की २१८ पण काढू?

उत्तर १
दोन्ही काढ. २१८ वर बीटा-बीटा रचनेचे स्टेरेन स्वच्छ दिसतात.