गाडी गिरकी घेतेय? मोटर बदलू नका

रिमोटवर चालणारी ड्रिफ्ट गाडी (मागचं टोक घसरवत वळणं घेणारी छोटी गाडी) थ्रॉटल दिला, म्हणजे वेग वाढवला, की जागच्या जागी गिरकी घेते, अशी एकाची तक्रार आहे आणि त्यावर कुणीतरी मोठी मोटर सुचवलीय. त्याने गिरक्या वाढतील, दुसरं काही नाही. मागच्या चाकांवर चालणारी १/१० (खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची) गाडी जायरोच्या, म्हणजे शेपूट घसरली की पुढची चाकं आपोआप त्याच बाजूला वळवणाऱ्या सेन्सरच्या, भरवशावर असते, आणि इथे तो बहुधा उलटा लागलाय.

गाडी चालू करून जमिनीवर ठेवा आणि शेपूट हाताने झटकन डावीकडे सरकवा. पुढची चाकंही डावीकडेच वळली पाहिजेत. उजवीकडे गेली तर जायरोवरचं रिव्हर्स (दिशा उलटवायचं सेटिंग) बदला, रिमोटवरचं नव्हे. रिमोटवरचं बदललं तर फक्त स्टिअरिंग उलटं होईल. मग गेन (जायरो किती जोरात चाकं वळवतो ते) थोडा थोडा वाढवा. सरळ जाताना चाकं थरथरली की एक पायरी मागे या.

स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर सर्वो (पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर) गुणगुणत राहिला तर रिमोटवरचा एंडपॉइंट (सर्वोने किती वळायचं याची मर्यादा) कमी करा, नाहीतर तो जळणार.

टायर कडक प्लास्टिकचेच घ्या. पेव्हर ब्लॉकवर मजा नाही, सोसायटीच्या बेसमेंटमधला गुळगुळीत कोबा उत्तम (वॉचमनला आधी विचारा!). पावसाळ्यात तिथे ओल धरते, तेव्हा पकड दर वेळी वेगळी लागते. सेटिंग कोरड्या दिवशीच करा. गाडीची लायपो बॅटरी न वापरता ठेवून देताना दर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा.