पुलाला सेन्सर लावले की झालं का?

पोट्टा_नागपूरचा:
राजेहो एक विचारायचं होतं. उड्डाणपुलाखालून जाऊन राहिलो होतो तं लिफ्टच्या गाडीवर चढून दोन पोरं गर्डरच्या (पुलाच्या आडव्या तुळईच्या) पोटाले पांढऱ्या डब्या लावून राहिले होते, वायर पार पिलरपर्यंत खाली. विचारलं तं म्हणे सेन्सर आहे, पुलाची तब्येत कळते. आता झालं असं की आमच्या वस्तीत नाल्यावर एक जुना पूल आहे, कठडा अर्धा तुटला, ट्रक गेला की हादरते, आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सगळे मागे लागले की महापालिकेत निवेदन द्या, ह्यालेही सेन्सर लावा. ह्या डब्यांनं नेमकं कळते काय? आणि आमच्या पुलाले मागावं का?

धरमपेठ_डिझाईन:
बहुतेक अ‍ॅक्सिलरोमीटर किंवा स्ट्रेन गेज असतील, पहिला थरथर मोजतो, दुसरा ताणाने होणारा बारीक बदल. प्रत्येक स्पॅनची (दोन पिलरमधल्या भागाची) थरथरायची स्वतःची फ्रिक्वेन्सी असते, म्हणजे सेकंदाला किती वेळा थरथरतो, गर्डरची ताठरता कमी झाली की ती उतरते. ऐकायला भारी वाटतं, पण गणित वर्गमुळाचं आहे, म्हणजे ताठरता १० टक्के गेली तरी फ्रिक्वेन्सी ५ टक्केच हलते आणि तेवढी तर नुसत्या हवामानानेही हलू शकते. स्वित्झर्लंडमध्ये झेड-२४ नावाचा पूल पाडायचाच होता, तर १९९७-९८ मध्ये जवळपास वर्षभर त्यावर सेन्सर ठेवले आणि मग मुद्दाम थोडी थोडी मोडतोड करत गेले. तिथे थंडीत डांबर गोठून कडक झालं तर फ्रिक्वेन्सी वर चढली, आणि हा ऋतूचा फरक मोडतोडीच्या फरकाला झाकून टाकेल एवढा होता. आपल्याकडे बर्फ नाही पण मे महिन्यातले ४५ डिग्री आहेतच की. म्हणून उन्हाळा-पावसाळा-हिवाळा सगळा डेटा आल्याशिवाय "पूल ठीक आहे" असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

मला विचाराल तर सगळ्यात कामाचा सेन्सर तो साधा, एक्स्पान्शन जॉइंटवर, म्हणजे गर्डरला लांब-आखूड व्हायला ठेवलेल्या फटीवर लावायचा. ३० मीटरचा काँक्रीटचा गर्डर तापमान ३० डिग्रीने चढलं की साधारण १ सेंटिमीटर लांब होतो. रोज सकाळ-दुपार तो सांधा हलायलाच पाहिजे. हलायचा थांबला तर समजा बेअरिंग (गर्डर ज्यावर टेकून सरकतो तो आधार) जाम झालं, आणि मग तो जोर पिलरवर येतो. आपल्या नागपूरच्या रामझुल्यासारखा केबलवरचा पूल असेल तर केबलच्या कंपनावरून तिच्यातला ताण काढता येतो, तिथे हे तंत्र खरंच मस्त चालतं.

निवृत्त_उपअभियंता:
पोट्ट्या, तुमच्या पुलाले सेन्सर कायले पाहिजे? हादरते म्हणून घाबरू नका, थोडा तं प्रत्येक पूल हादरते, आणि कठडा तुटलेला दिसण्यासाठी मशीन लागत नाही. नाल्यावरच्या पुलाचं दुखणं खाली पाण्यात असते. पुरात पायाजवळची माती खरवडून जाते आणि पूर ओसरला की तोच खड्डा वाळू-गाळानं भरून येते, मग मार्चमध्ये साहेब पाहणीले जाते तं सगळं सपाट, रिपोर्ट ओके. गर्डरवर लावलेल्या डबीले हे लवकर कळतही नाही. महाडचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरातच गेला. आणि २३ सप्टेंबर २०२३ ले नाग नदीनं काय केलं ते आपण पाहिलंच. त्या पुरानंतर तुमच्या पुलाचा पाया कोणी पाहिला का, ते पहिले विचारा.

दुसरं म्हणजे पाणी. डेकवरचं (पुलाच्या रस्त्यावरचं) पाणी काढणारे पाइप कचऱ्यानं बुजले की पाणी काँक्रीटमध्ये मुरते, आतली सळई गंजते, फुगते आणि कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) सुटते. हातोडीनं ठोकून पाहा, पोकळ आवाज आला की समजून जा. पिंपळ उगवला असंल तं तोही मुळासकट काढा. अर्ध्या पुलांचं आयुष्य ह्या दोन कामांनी वाढते पण ह्याचं उद्घाटन करता येत नाही ना!

रेल्वेवाला_अजनी:
काका बरोबर पण सेन्सरले एकदम मोडीत काढू नका. रामेश्वरमले जाणाऱ्या जुन्या पांबन रेल्वे पुलावर सेन्सर होते, डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी धोक्याचा इशारा दिला आणि गाड्या बंद केल्या, नवीन पूल एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाला. तिथं इशारा आल्यावर गाडी थांबवायचा अधिकार कोणाचा हे ठरलेलं होतं. रस्त्यावरच्या पुलाचं तसं असते का? रात्री दोनले मेसेज आला तं ट्रॅफिक कोण अडवणार, त्याचा फोन नंबर फाइलमध्ये पाहिजे. एका ठिकाणी (नाव नाही घेत) डब्या लागल्या, फोटो निघाले, मेंटेनन्सचं कंत्राट संपलं आणि मग सिमचा रिचार्जही कोणी केला नाही बे.

पोट्टा_नागपूरचा:
मग निवेदनात लिहू काय?

निवृत्त_उपअभियंता:
सेन्सर शब्दच काढून टाका. पावसाळ्यानंतर पायाची तपासणी, पाइप साफ, कठडा, आणि वजनमर्यादेचा बोर्ड. फोटो जोडा अन् आवक नंबर घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

पोट्टा_नागपूरचा:
बोर्ड वाचून वाळूचा ट्रक थांबते का काका 😀

निवृत्त_उपअभियंता:
नाही थांबत. लोखंडी हाइट बॅरियर (उंच गाडी अडवणारी कमान) मागा. पण अग्निशमनची गाडी तुमच्या वस्तीत दुसऱ्या रस्त्यानं येऊ शकते का ते आधी पाहा, नाही तं ती पण तिथंच अडकंल.