पिकअपच्या हौद्यात खण आणि झोपण्याचा माचा : लांबीचे गणित कसे बसवावे?

वाटसरू, सातारा

नमस्कार मंडळी. माझ्याकडे इसुझूची दुहेरी केबिनची व्ही-क्रॉस ही पिकअप असून तिच्या हौद्यावर काचेची खिडकी असलेली कॅनपी, म्हणजे हौदा झाकणारे टपासारखे छत, बसवलेली आहे. हिवाळ्यात मी भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर पक्षी पाहायला जातो. रोहित पक्ष्यांचे थवे पहाटेच्या उजेडात पाहायचे तर रात्रीचा मुक्काम पाण्याजवळच असावा लागतो, म्हणून हौद्यात खाली सामानाचे दोन खण आणि वर झोपण्यापुरता माचा घरच्या घरी करण्याचा माझा विचार आहे.

टेपने घेतलेली मापे अशी आहेत : हौद्याची लांबी १४८ सेंमी, रुंदी १५३ सेंमी, दोन्ही चाकांच्या उंचवट्यांमधले अंतर ११२ सेंमी, आणि उंचवट्यांची उंची सुमारे २४ सेंमी. तळापासून कॅनपीच्या छतापर्यंत ९५ सेंमी मिळतात. माझी उंची १७५ सेंमी आहे, त्यामुळे सरळ झोपणे शक्य नाही. मात्र माचा उंचवट्यांच्या वर घेतला तर पूर्ण रुंदी मिळते आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा कर्ण २१३ सेंमी भरतो. तेव्हा तिरके झोपावे आणि १८ मिमीच्या प्लायमध्ये सगळे काम उरकावे, असे मी ठरवत आणले आहे. प्लाय कापायला देण्यापूर्वी जाणकारांनी यातील चुका दाखवाव्यात, ही विनंती.

रंधा, कोल्हापूर

वाटसरू, प्लाय अजून कापलेला नाही हे फार बरे झाले, कारण आपले कर्णाचे गणित फसवे आहे. २१३ सेंमी हे अंतर एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंतचे आहे आणि गादीला रुंदी असते. ६० सेंमी रुंदीची गादी तिरकी टाकली की तिचे चारही कोपरे हौद्याच्या भिंतींना भिडतात, आणि कर्णातून तिची रुंदी जवळजवळ पूर्ण वजा होऊन हातात सुमारे १५० सेंमी उरतात. म्हणजे तिरके झोपून आपण काहीच कमावले नाही. खात्री करायची असेल तर अंगणात खडूने १४८ बाय १५३ चा चौकोन आखा आणि त्यात गादी टाकून स्वतः आडवे होऊन पाहा. मी कोल्हापुरात ओतकामाचे लाकडी साचे करण्यात उभी हयात घालवली आहे आणि लाकडाला करवत लावण्याआधी जमिनीवर पूर्ण मापाचे चित्र काढण्याची सवय मला अजून सुटलेली नाही.

लांबी मिळवायची जागा मागे आहे. माच्याच्या मागच्या कडेला लांब पट्टीची बिजागरी लावून ४० सेंमीची एक घडीची फळी जोडा. प्रवासात ती माच्यावर उलटून पडून राहील आणि मुक्कामाला फाळका, म्हणजे हौद्याचे मागचे पाडायचे दार, खाली पाडला की त्याच्यावर दोन पायांनी उभी राहील. एकूण १८८ सेंमी मिळतील. डोके केबिनकडे ठेवा म्हणजे फळीवर केवळ पावलांचा भार येईल. कॅनपीची मागची काच त्या वेळी उघडीच राहणार, तेव्हा तिच्या कडेपासून फाळक्यापर्यंत जाड कापडाचा आणि मच्छरदाणीचा पडदा शिवून घ्यावा लागेल.

आता लाकडाविषयी. सगळे १८ मिमीमध्ये करू नका, कारण आठ बाय चारची तेवढ्या जाडीची एक शीट ३५ किलोंच्या पुढे जाते. एक इंची चौकोनी लोखंडी पाइपचा सांगाडा वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या आणि वर १२ मिमीचा प्लाय टाका. आधार दर ४० ते ४५ सेंमींवर असला तर तो वाकत नाही. प्लाय आयएस ७१० शिक्क्याचा मरीन घ्यावा. शीट १२२ सेंमी रुंद असते, त्यामुळे १५३ सेंमी रुंदीचा माचा एका तुकड्यात होतच नाही, आणि त्याचा उलट फायदाच घ्यावा : मधला तुकडा ११२ चा आणि दोन्ही बाजूंना साडेवीस सेंमीच्या उचलायच्या झडपा. त्यांच्याखाली, उंचवट्यांच्या पुढेमागे जे कोनाडे उरतात, त्यांत दोर, जॅक, पंक्चरचे सामान बसते.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. प्लायच्या धारेत स्क्रू मारू नका. तेथे थर फाटतात आणि खडबडीत रस्त्यावर स्क्रू महिन्याभरात सैल होतो. कोपऱ्यात आतून सागवानी पट्टी सरसाने चिकटवा आणि स्क्रू प्लायच्या सपाट अंगातून त्या पट्टीत जाऊ द्या. कापलेल्या प्रत्येक धारेवर पॉलियुरेथेनचे दोन हात द्यावेत, कारण पाणी तेथूनच शिरते.

सह्यकन्या, सावंतवाडी

रंधाकाकांनी धारांविषयी लिहिलेले आम्ही भोगलेले आहे. आमच्या पहिल्या माच्याच्या धारा आम्ही तशाच ठेवल्या होत्या. आमच्याकडच्या एका पावसाळ्यात डावा खण असा फुगला की रंध्याने घासल्याशिवाय तो बाहेर आला नाही. तेव्हापासून खण आणि भिंत यांच्यात आम्ही दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेवतो.

खण ज्यांवर आतबाहेर सरकतात त्या पट्ट्यांचा, म्हणजे चॅनेलचाही विचार वाटसरूंनी आधीच करावा. स्वयंपाकघरातले टेलिस्कोपिक चॅनेल एका बाजूला साधारण १२.७ मिमी जागा खातात, आणि हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतात ते फार तर दोन फुटांचे. त्यांत धूळ बसली की त्यांचे छर्रे करकरू लागतात. आम्ही चॅनेल सोडून दिले आणि खणाच्या तळाशी ६०८ क्रमांकाची बेअरिंगे बसवली. ती २२ मिमी व्यासाची असतात, स्वस्त मिळतात आणि खराब झाली की दहा मिनिटांत बदलता येतात. खणही पूर्ण लांबीचे न करता ९० सेंमीचे करावेत. केबिनच्या बाजूला जी जागा उरते तिला वरून झाकण द्यावे आणि पाण्याचा वीस लिटरचा कॅन, हत्यारे, जे जे जड आहे ते तेथे ठेवावे, म्हणजे गाडीचे वजन मागे ओढले जात नाही.

खणाला कडी मात्र हवीच. आंबोली घाट चढताना आमचे दोन्ही खण मागे सरकून फाळक्याला टेकून बसले होते आणि वर पोहोचल्यावर मी फाळका उघडताच एक खण, आत स्टोव्ह आणि कुकर असलेला, थेट माझ्या नडगीवर आला. आता प्रत्येक खणाला टॉवर बोल्ट आहे आणि तो लावल्याखेरीज गाडी हलत नाही.

झोपताना कॅनपीच्या खिडक्या दोन बोटे उघड्या ठेवा, नाहीतर श्वासाच्या वाफेने पहाटे छतावरून थेंब गळतात. कितीही थंडी असली तरी आत शेगडी पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही.

वाटसरू, सातारा

आपणा दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल अंगणात खडूने चौकोन आखून त्यात आडवा झालो आणि रंधाकाका, आपले गणित अगदी बरोबर निघाले : खांदे मावले की पावले रेघेबाहेर जात होती. तिरक्या झोपेचा नाद सोडला. सांगाडा २६ सेंमी उंचीचा आणि वर १२ मिमीचा प्लाय, असा माचा तळापासून सव्वासत्तावीस सेंमीवर येईल.

दोन शंका उरल्या आहेत. सांगाडा पक्का करण्यासाठी हौद्याला भोके पाडावीत का? आणि घडीच्या फळीच्या पायांची उंची किती धरावी?

रंधा, कोल्हापूर

भोके मुळीच पाडू नका. रंग गेला की तेथून गंज धरतो. हौद्यात सामान बांधण्यासाठी मुळातच आकडे दिलेले असतात, त्यांना चार टर्नबकलनी (फिरवून ताण देता येणाऱ्या आकड्यांनी) सांगाडा आवळून बांधा आणि पायांखाली रबर घाला. त्यामुळे सगळे अर्ध्या तासात उतरवताही येते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. माचा हे उतरवता येणारे सामानच राहिले तर बरे. कॅनपीविषयी मात्र आरटीओत विचारून घ्यावे.

पायांची उंची आताच ठरवू नका. पाडलेला फाळका हौद्याच्या तळाशी अगदी समपातळीत असेलच असे नाही. सांगाडा बसल्यावर फाळका पाडून, फळी लेव्हल लावून धरा आणि मग माप घ्या. प्रत्येक पायाच्या तळाशी नट वेल्ड करून त्यात बोल्ट फिरता ठेवा, म्हणजे एखादा सेंटिमीटर कमीजास्त करता येईल, आणि बोल्टाच्या डोक्याखाली हातभर प्लायची पट्टी ठेवा, नाहीतर फाळक्याच्या पत्र्याला पोचा पडेल.